घोंगडीचं झालं ऑफिस

‘मॅरेज ब्युरो’ची पाटी वाचताना कुणाला घोंगडी आठवत नाही. लाचखोर ‘एसीबी’च्या जाळ्यात सापडल्याची बातमी वाचतानाही नाही. पण ‘एसीबी’तला तो शेवटचा ‘बी’, ‘सीबीआय’मधला ‘बी’, डाव्या पक्षांच्या बातम्यांतलं ‘पॉलिट ब्युरो’ आणि वर्तमानपत्राचा ‘ब्युरो चीफ’ हे सगळे एकाच फ्रेंच शब्दाचे वारस आहेत. आणि तो शब्द मुळात एका जाड्याभरड्या, अंगाला टोचणाऱ्या लोकरी कापडाचं नाव होता.

शब्दांच्या जन्मकथा पुष्कळदा ऐकीव असतात. ब्युरोचं तसं नाही. कापडापासून कचेरीपर्यंतची त्याची वाट पायरीपायरीने दाखवता येते. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे युरोपातल्या वेगवेगळ्या भाषांनी त्याला वेगवेगळ्या पायरीवर उचललं. म्हणून आज हाच शब्द एका देशात कपड्यांचं कपाट आहे, दुसऱ्यात पोलिसांचं ठाणं, तिसऱ्यात लिहायचं टेबल. एकाच शब्दाने हा सगळा प्रवास कसा केला, ते नीट पाहू.

आधी कापड. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘बुर्रा’ म्हणजे केसाळ, राठ लोकर. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये दोन शब्द आले, ‘ब्यूर’ आणि ‘बुरेल’. दोन्हींचा अर्थ जाड लोकरी कापड, बहुधा न रंगवलेलं, मेंढीच्या अंगावरच्या तपकिरी रंगाचं. आपल्याकडच्या घोंगडीला हात लावून बघा, म्हणजे पोत लक्षात येईल. शेतकरी, मेंढपाळ, मजूर हे कापड वापरत. गरिबीचं व्रत घेतलेल्या फ्रान्सिस्कन साधूंचा झगाही याचाच. आजही फ्रेंच माणूस ‘ब्यूर’ म्हणाला, तर त्याच्या डोळ्यांसमोर साधूचा तो तपकिरी झगाच येतो.

कापड गरिबांचं, म्हणून त्याचं नाव माणसांनाही चिकटलं. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या एका पात्राला आपण फारसे शिकलेले नाही, साधे माणूस आहोत, असं सांगायचं असतं. ते स्वतःला ‘बुरेल माणूस’ म्हणवतं. आपण एखाद्याच्या विचारांना ‘जाडेभरडे’ म्हणतो, तसंच हे. गंमत बघा: इंग्लंडमध्ये जो शब्द अडाणी माणसाला लावला जात होता, तोच फ्रान्समध्ये लेखण्या आणि कागदांच्या सहवासात चालला होता.

इथे क्षणभर उच्चाराकडे वळू, कारण ‘बुरेल’चा ‘ब्युरो’ कसा झाला हा प्रश्न पडणारच. जुन्या फ्रेंचमध्ये व्यंजनाच्या आधी आलेला ‘ल’ विरघळून ‘उ’सारखा व्हायला लागला. अनेकवचनात ‘बुरेल’ला ‘स’ लागे. त्या ‘स’च्या आधीचा ‘ल’ गेला, पुढे स्वर घासत घासत ‘ओ’ झाला आणि एकवचनही त्याच साच्यात आलं. याच नियमाने ‘शास्तेल’चा ‘शातो’ झाला, म्हणजे गढी किंवा वाडा, आणि ‘बेल’चा ‘बो’ झाला, म्हणजे सुंदर. हा काही एका शब्दाचा लहरीपणा नाही. फ्रेंचमधली शब्दांची एक अख्खी ओळ अशीच वळली.

आता टेबलाकडे. मध्ययुगातलं टेबल म्हणजे बहुतेकदा लाकडी तिवयांवर ठेवलेल्या फळ्या. त्यावर चर्मपत्र पसरायचं, हिशेबाच्या सोंगट्या मांडायच्या, नाणी मोजायची. उघड्या लाकडावर नाणी घरंगळतात, आवाज होतो, फळीचं कुसळ चर्मपत्राला लागतं, आणि चर्मपत्र महाग. म्हणून फळ्यांवर जाड कापड अंथरायची पद्धत पडली. कामाच्या टेबलाला भरजरी कापड कोण घालणार? तिथे बुरेलच बरं. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचं नाव ‘एक्सचेकर’ हेही अशाच टेबलावरून आलं आहे. त्या टेबलावर चौकटीचौकटींचं कापड अंथरून, चौकटींत सोंगट्या सरकवून बाराव्या शतकात हिशेब होत. आजही ब्रिटनचा अर्थमंत्री ‘चान्सेलर ऑफ दि एक्सचेकर’ म्हणवतो. त्याच्या हुद्द्यात बुद्धिबळाच्या पटासारखं ते कापड अजून आहे.

कापडाचं नाव मग टेबलाला लागलं. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. संस्कृत काव्यशास्त्राने याला ‘लक्षणा’ म्हटलं आणि ‘गंगेवर वस्ती’ हे त्याचं ठरलेलं उदाहरण दिलं. वस्ती पाण्यावर नसते, काठावर असते, पण नाव शेजारच्या वस्तूवर सरकतं. आपण रोज हेच करतो. भावांनी ‘चूल वेगळी केली’ म्हणजे संसार वेगळा केला. पुढारी ‘खुर्चीसाठी भांडतात’ तेव्हा लाकडासाठी कुणी भांडत नसतं. ब्युरो असाच सरकत गेला: कापडावरून टेबलावर, टेबलावरून ते टेबल असलेल्या खोलीवर, खोलीवरून तिथे बसणाऱ्या माणसांवर, आणि शेवटी त्या माणसांच्या सत्तेवर.

नवा अर्थ आला म्हणून जुना लगेच मरत नाही. निकोला ब्वालो या फ्रेंच कवीच्या उपरोधिक कविता १६६६ साली छापल्या गेल्या. त्यांतल्या पहिल्याच कवितेतला दरिद्री कवी अंगावर नुसता ‘साधा ब्युरो’ घालून फिरतो, उन्हाळा सुती कपड्यांवाचून काढतो आणि हिवाळा झग्यावाचून. इथे ब्युरो म्हणजे अजून कापडच. त्याच काळात पॅरिसच्या श्रीमंत घरांत मात्र ‘ब्युरो’ हे लिहायच्या टेबलाचंही नाव झालेलं होतं.

पुढच्या शंभर वर्षांत त्या टेबलाचं काय झालं, ते व्हर्सायच्या राजवाड्यात आजही दिसतं. पंधराव्या लुईसाठी केलेलं ‘ब्युरो द्यु र्‍वा’, म्हणजे राजाचं ब्युरो. झाँ-फ्रांस्वा उबेन या कारागिराने १७६० साली ते करायला घेतलं आणि त्याच्या मृत्यूनंतर झाँ-आंरी रिझनेर याने १७६९ साली पुरं केलं. वेगवेगळ्या लाकडांचे पातळ तुकडे जोडून काढलेली फुलं, सोनेरी मुलामा दिलेलं कांस्यकाम, वर पिंपाच्या पाठीसारखं गोल सरकतं झाकण. एक किल्ली फिरवली की झाकण आणि खण सगळे मोकळे होतात, आणि ती किल्ली राजाकडे. आता प्रश्न आला शाईचा. दौतीत शाई तर नोकरानेच भरायची, पण नोकराने राजाचे कागद बघायचे नाहीत. म्हणून दौतींसाठी टेबलाच्या बाजूला बाहेरून उघडणारे छोटे खण केले. नोकर बाहेरून शाई भरणार, आतल्या कागदांना त्याचा हात लागणार नाही. घोंगडीचं नाव घेऊन निघालेली वस्तू इथे राजाची गुपितं सांभाळत होती. मला या शब्दाच्या साऱ्या इतिहासात हे टेबल सगळ्यात बोलकं वाटतं. ज्याच्याकडे किल्ली, त्याच्याकडे कागद. आणि ज्याच्याकडे कागद, त्याच्याकडे सत्ता. कचेऱ्यांचं राज्य येणार हे त्या बाहेरच्या खणांतूनच कळतं.

आणि ते आलंच होतं. व्हँसाँ द गुर्ने हे फ्रान्सच्या राजाचे व्यापारखात्याचे अधिकारी. उद्योगधंद्यांवरचे नियम, परवाने, तपासण्या यांना ते इतके कंटाळले की सरकारने लोकांना करू द्यावं, जाऊ द्यावं, हा विचार त्यांच्याच नावाशी जोडला जातो. १७५९ साली ते वारले. पॅरिसमध्ये राहणारा फ्रीडरिश मेल्किओर ग्रिम (परीकथांचे ग्रिम बंधू ते वेगळे) युरोपातल्या दरबारांना हस्तलिखित बातमीपत्र पाठवत असे. त्यात १७६० च्या दशकात त्याने गुर्नेंची आठवण लिहिली. गुर्ने म्हणायचे की फ्रान्सला एक रोग जडला आहे, त्याचं नाव ‘ब्युरोमानी’, म्हणजे ब्युरोचं वेड. आणि राजेशाही, लोकशाही यांच्या जोडीला ते ‘ब्युरोक्रासी’ नावाचा आणखी एक राज्यप्रकार मोजत. फ्रेंच ‘ब्युरो’ला सत्तेचा अर्थ असलेला ग्रीक ‘क्रातोस’ जोडून केलेला हा शब्द. शब्दशः अर्थ: टेबलाचं राज्य. ग्रिमने यावर लिहिलं की कारकून, चिटणीस, तपासनीस हे लोकहितासाठी नेमलेले नाहीत. उलट कचेऱ्या चालाव्यात म्हणूनच लोकहित निर्माण केलंय असं वाटतं. अडीचशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य तहसील कार्यालयाच्या रांगेत उभं राहून वाचून बघावं.

हा शब्द वाऱ्यासारखा पसरला. १७९८ साली फ्रेंच अकादमीच्या कोशात त्याची नोंद झाली. जर्मन, इटालियन, स्पॅनिश, रशियन, पोलिश सगळ्यांनी तो घेतला. इंग्रजांना तो परका वाटत राहिला. १८५० साली टॉमस कार्लाईल याने ‘ब्युरोक्रसी’ नावाची ही युरोपखंडातली पीडा आहे असं लिहून हात झटकले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने मात्र तो शिवीतून बाहेर काढून अभ्यासाचा शब्द केला. ठरलेले नियम, ठरलेली उतरंड, आणि सगळं लेखी. वेबरच्या मृत्यूनंतर १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातलं त्याचं ते वर्णन आजही राज्यशास्त्राच्या वर्गात शिकवतात.

मराठीने इथे स्वतःचं डोकं चालवलं, याचा मला अभिमान वाटतो. आपण ‘नोकरशाही’ म्हणतो. आदिलशाही, निजामशाही यांच्या साच्यातला शब्द, फक्त गादीवर सुलतानाच्या जागी नोकर. फ्रेंचांनी राज्य टेबलाच्या हाती दिलं, आपण ते नोकराच्या हाती दिलं. आपल्या शब्दात माणूस दिसतो. आणि जो सेवा करायला ठेवला तोच राज्य करतोय, ही विसंगती आपल्या शब्दात नुसती वाचूनच कळते.

आता वेगवेगळ्या देशांत ब्युरो कुठल्या पायरीवर थांबला ते बघू.

स्वीडिश भाषेत ‘ब्युरो’ म्हणजे खणांचं कपाट, ज्यात मोजे आणि बनियन ठेवतात. अठराव्या शतकात स्वीडनच्या दरबारावर फ्रेंच फॅशनचा पगडा होता. शब्द तिथे फर्निचर होऊन आला आणि घरात राहिला. पुढे संस्था हा अर्थही आला, त्यामुळे प्रवास कंपनी, जाहिरात कंपनी आणि अंत्यविधीची व्यवस्था करणारी संस्था यांच्या नावांतही शेवटी ‘ब्युरो’ असतो. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्यात होता. फिनिश लोकांनी स्वीडिश कपाटासकट शब्द उचलला आणि आपल्या जिभेवर घोळवून ‘पीरोंकी’ केला. ‘पीरोंकी’ ऐकून फ्रेंच माणसाला तो आपला शब्द आहे हे ओळखताही येणार नाही. फिनिशमध्ये ऑफिसला मात्र ‘तोइमिस्तो’ हा घरचाच शब्द आहे. म्हणजे तिथे ब्युरो झोपायच्या खोलीतून बाहेर पडलाच नाही.

डच लोकांनी टेबल आणि ऑफिस दोन्ही ठेवले. लिहायचं टेबलही ब्युरो, कचेरीही ब्युरो, आणि पोलीस ठाणं म्हणजे ‘पोलित्सी-ब्युरो’. जर्मनांनी टेबलाला ‘श्राइबटिश’ हा आपला शब्द कायम ठेवला आणि ‘ब्युरो’ फक्त ऑफिससाठी घेतला. आधी ते फ्रेंच स्पेलिंगच वापरत, नंतर जर्मन वळणाने लिहायला लागले. कागदाला लावायच्या साध्या टाचणक्लिपेला ते ‘ब्युरोक्लामर’ म्हणतात.

पोलिशमधली गोष्ट मला सगळ्यात आवडते. तिथे ‘ब्यूरो’ आला तो ऑफिस म्हणून. मग टेबलाला काय म्हणायचं? पोलिश भाषेत नामाला ‘को’ लावून लाडकं, लहान रूप करता येतं, आपण ‘टोपल्या’ची ‘टोपली’ करतो तसं. त्यांनी ‘ब्यूर्को’ केलं, म्हणजे छोटंसं ऑफिस, आणि तेच टेबलाचं नाव झालं. फ्रान्समध्ये टेबलातून ऑफिस जन्मलं, पोलंडमध्ये ऑफिसातून टेबल.

रशियनमध्ये नामं सहा विभक्तींत बदलतात, पण ‘ब्युरो’ परका म्हणून कुठल्याच विभक्तीत बदलत नाही, आहे तसा उभा राहतो. आपण मात्र ‘ब्युरोने’, ‘ब्युरोला’, ‘ब्युरोच्या’ असं बिनदिक्कत म्हणतो. रशियात हरवलेल्या वस्तू मिळण्याच्या ठिकाणाला ‘सापडलेल्या वस्तूंचं ब्युरो’ म्हणतात. कम्युनिस्ट पक्षाचं ‘पॉलिटब्युरो’ तिथूनच आपल्या वर्तमानपत्रांत आलं. सोव्हिएत विमानंही ब्युरोंतच जन्मली. मिकोयान आणि गुरेविच यांच्या आराखडा-ब्युरोने काढलेलं ते ‘मिग’, सुखोई यांच्या ब्युरोचं ते ‘सुखोई’. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ही दोन्ही विमानं बांधली गेली. त्या पट्ट्यातल्या लोकांनी आभाळात मान वर करून जे पाहिलं, त्याच्या नावामागेही एक ब्युरो होता.

इंग्रजीत तर एकाच भाषेची दोन घरं झाली. ब्रिटनमध्ये ब्युरो म्हणजे उतरत्या झाकणाचं लिहायचं टेबल, अमेरिकेत कपड्यांचं खणांचं कपाट. सरकारी खातं हा अर्थ अमेरिकेत जोमाने वाढला. तिथे १९०८ साली सुरू झालेल्या तपास विभागाला १९३५ साली ‘एफबीआय’ हे नाव मिळालं. स्पॅनिशने कचेरीसाठी लॅटिनमधला ‘ओफिसिना’ धरून ठेवला, ज्याचा मूळ अर्थ कारागिराचं कामाचं ठिकाण. मेक्सिकोत मात्र ‘बुरो’ आहे, पण ते पलंगाशेजारचं छोटं टेबल.

खुद्द फ्रान्समध्ये आज ब्युरो म्हणजे टेबल, खोली, कचेरी आणि संस्थेचं कार्यकारी मंडळ. संगणक उघडल्यावर दिसणारा पहिला पडदा, ज्यावर फायली मांडलेल्या असतात, तोही ब्युरोच. फ्रेंच लष्कराच्या हेरखात्याला १८७१ पासून १९४० पर्यंत ‘दुसरं ब्युरो’ म्हणत. फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकी देशांत याच शब्दांना वेगळाच अर्थ आला: विवाहित पुरुषाची बाहेरची बाई. नवरा उशिरा घरी आला की म्हणणार, ऑफिसात काम होतं. बायकांनी ते ‘ऑफिस’ कुठलं ते ओळखलं आणि त्याला नाव दिलं.

एवढं सगळं वाचून वाटेल की हे युरोपातच घडू शकतं. पण आपल्या पाठीवर लहानपणी जे दप्तर होतं, त्याची कथा याच्या जोडीची आहे. ग्रीक ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेलं कातडं. त्यावर लिहीत. हेरोडोटसने नोंदलंय की आयोनियन ग्रीक लोक पुस्तकांनाच ‘कातडी’ म्हणत. (घशात कातड्यासारखा पडदा धरणाऱ्या घटसर्पाचं डॉक्टरी नाव ‘डिप्थेरिया’ याच शब्दावरून पडलं.) तोच शब्द फारसी-अरबीत ‘दफ्तर’ झाला: आधी वही, मग नोंदी, मग नोंदी ठेवायची जागा, म्हणजे कचेरी. मराठीत दोन्ही अर्थ आले आणि वर तिसरा आपण घातला, पोराची शाळेची पिशवी. कातड्याची कचेरी झाली, कापडाचीही कचेरी झाली. ‘दिवाण’ मात्र उलटा गेला. फारसीत आधी नोंदवही आणि दरबार, आणि शेवटी बसायची बैठक. त्यामुळे आपल्याकडे दिवाणी दावाही असतो आणि हॉलमध्ये गाद्या ठेवायचा दिवाणही.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवलेले आहेत. त्या गठ्ठ्यांना ‘रुमाल’ म्हणतात आणि अभ्यासक अमुक क्रमांकाचा रुमाल काढून द्या असं सांगतात. चोपड्या बांधायच्या कापडाला आपला शब्द ‘बासन’, म्हणूनच सरकारने योजना ‘बासनात गुंडाळली’ असं आपण म्हणतो. कागद आणि कापड यांची सोबत इतकी जुनी की आपल्या बोलण्यात ती अजून घट्ट बांधलेली आहे. फरक इतकाच, की फ्रेंचांनी कापड कागदाखाली अंथरलं, आपण ते कागदाभोवती गुंडाळलं.

मूळ कापडाचं पुढे काय झालं? फ्रेंचमध्ये ‘बुरेल’ हे रूप मागे पडलं, पण पोर्तुगीजमध्ये ते जसंच्या तसं टिकलं. पोर्तुगालच्या सेर्रा दा एश्त्रेला डोंगररांगेत, मांतेइगाश गावात, बुरेल आजही विणतात. विणलेलं लोकरी कापड पाण्यात भिजवून इतकं कुटतात की धागे एकमेकांत गुंततात आणि पाऊस आत शिरत नाही. पूर्वी तिथले मेंढपाळ त्याचे झगे घालून डोंगरावर राहायचे. आता मेंढपाळ थोडे उरलेत. विणकरांनी नवं गिऱ्हाईक शोधलं. बुरेल आवाज चांगला शोषतं, म्हणून त्याचे तुकडे शिवून मोठमोठ्या ऑफिसांच्या भिंतींना लावतात.